नवरा कंडोम वापरायला तयार नाही, मग मी गोळ्या घेऊ की कॉपर टी बसवू?

तुमच्या प्रश्नात नवरा पहिल्याच ओळीत सुटला बघा. त्याला मजा येत नाही म्हणून कंडोम बाद, आता उरलेल्यातलं तुम्ही काय सोसायचं एवढंच ठरवायचं राहिलंय.

आमच्याकडे सेम. दुसऱ्या बाळानंतर मी कॉपर टी बसवली. बऱ्याच जणींना काही होत नाही, माझ्या मात्र अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन घसरलं. नवरा म्हणे, काढून टाक ना मग, गोळ्या घे, निर्णय तुझा. त्याचा 'निर्णय तुझा' म्हणजे त्रासही तुझा. गोळ्यांसाठी गेले तर डॉक्टरांनी विचारलं, मायग्रेनच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं का? चमकायचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, स्ट्रोकचा धोका वाढतो. मग घरी येऊन म्हटलं, आता तू नसबंदी करून घे. झालं, साहेबांनी तोंडच फिरवलं, आणि बोलले तेव्हा काय, तर अशक्तपणा येतो! अरे, नसबंदीसाठी बायकोच्या पोटाला चीर दिलेली चालते, आणि तुझं जागा बधिर करून अर्ध्या तासाच्या आत होणारं काम, त्याच दिवशी घरी, त्यात कसला अशक्तपणा? पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, नसबंदीत कापतात त्या नळीतून फक्त शुक्राणू जातात. कागदावर चित्र काढून दाखवलं. 'बघू' म्हणाला. कुरकुरत कंडोम वापरला पण ते 'बघू' काही संपलं नाही, आता माझी पाळी जायची वेळ आली.

तर रोज आठवणीने गोळी घेणं जमत नसेल तर कॉपर टी, दहा वर्षांपर्यंत चालते. पाळीत आधीच जास्त जात असेल तर कॉपर टीसारखीच आत बसवायची, पण हार्मोनवाली, ती विचारा. पण डॉक्टरकडे नवऱ्याला घेऊन जा आणि नसबंदीचं त्याच्यासमोर विचारा, त्याला ऐकू दे. अर्थात पुढे मूल हवं असेल तर नसबंदी नाहीच, आणि केल्यावरही साधारण तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी क्लिअर येईपर्यंत दुसरं साधन लागतं. आणि हो, गुप्तरोगांपासून वाचवायला कंडोमच, बाकी कशाचा उपयोग नाही.

हे सगळं नवरा नुसता आळशी असेल तर. गोळ्या फेकून देणारा, जबरदस्ती करणारा असेल तर त्याला काही विचारू नका, एकट्या जा. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, घरात काही सापडत नाही (पाळी मात्र अनियमित होते), कॉपर टीचा खाली राहणारा दोराही त्याच्या हाताला लागू नये म्हणून डॉक्टरांना सांगून आखूड करून घेता येतो. तिथे 'दोघांनी मिळून ठरवा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.