वकील घेतला तर पोरानेच केलंय असं वाटेल ना?

शाळेतल्या मारामारीत ज्याच्यावर आरोप आहे त्या मुलाचे आईबाप माझ्याकडे आले की पहिला प्रश्न हाच असतो, मॅडम, वकील घेतला तर आमच्याच पोराने केलंय असं लोकांना वाटेल ना, शाळा अजून चिडेल ना. उत्तर गोव्यातल्या शाळांमधून इतकी वर्षं समुपदेशन करतेय, हा प्रश्न काही चुकला नाही. म्हणून एक केस सांगते. नावगाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलाला आपण सुहास म्हणू.

सुहास आठवीत, वय 13. डिचोलीकडचं कुटुंब, वडिलांचा खनिजाचा ट्रक होता, 2018 ला मायनिंग बंद झालं आणि हप्ते थकून ट्रक गेला. आई काजू फॅक्टरीत जाते. ती आली तेव्हा काजूच्या चिकाने काळी पडलेली तिची बोटं थरथरत होती, त्याच बोटांनी तिने वहीचं एक चार घड्या घातलेलं पान माझ्यासमोर उलगडलं. सुहासच्या अक्षरात लिहिलं होतं, "मी मुद्दामहून जिन्यावरून ढकलले. माझ्यावर होणारी कारवाई मला मान्य आहे." खाली पालकांच्या सहीसाठी जागा सोडलेली.

तेरा वर्षांचा मुलगा "होणारी कारवाई मान्य आहे" असं स्वतःहून लिहील का? मी सुहासला वेगळं बसवून विचारलं, तर म्हणाला सरांनी सांगितलं तसं लिहिलं, नाहीतर घरी जायला देणार नव्हते.

झालं होतं असं की मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकाने परत त्या ट्रकवरून, बँकेवरून चिडवलं, दप्तर ओढलं, ह्याने ढकललं आणि तो जिन्याच्या तीन पायऱ्या खाली पडला, मनगटाचं हाड मोडलं. त्याचे वडील पोलिसात गेले. आणि शाळेने सुहासच्या आईला सांगितलं की सोमवारपर्यंत ह्या कागदावर सही करा आणि एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःहून घेऊन जा म्हणजे विषय वाढणार नाही. शेजारच्या कोणीतरी सांगितलं आता त्याला मेरशीला अपना घरात, म्हणजे अशा केसमधल्या मुलांना ठेवतात त्या सरकारी गृहात, टाकतील, ते ऐकल्यापासून तिने जेवणच सोडलं होतं, सासूने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं, आणि वकिलाचं नाव काढलं की नवरा म्हणायचा पैसे कुठे आहेत आणि भांडण कशाला वाढवायचं.

मी तिला म्हटलं, बाई, आधी सही करू नका, आणि वकिलाला पैसे लागणार नाहीत. 18 वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, 1987 चा कायदा आहे, त्यात मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करायचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन अर्ज द्यायचा. आम्ही माझ्याच टेबलावरून फोन लावला, मग ती अर्ज देऊन आली आणि वकील मॅडम मिळाल्या.

वकील मॅडमनी पहिल्यांदा सुहासला एकट्याला पाऊण तास ऐकलं, तोपर्यंत त्याला कोणी ऐकलंच नव्हतं, सगळे विचारत होते पण उत्तर आधीच ठरवून. त्याने कबूल केलं की ढकललं. मला वाटलं आता त्या म्हणतील हे कोणाला सांगू नको, पण त्या म्हणाल्या खोटं काहीच बोलायचं नाही, फक्त जे झालं तेवढंच बोलायचं, त्यापेक्षा जास्तही नाही. ढकललं आणि मुद्दामहून जिन्यावरून ढकललं ह्यात केवढा फरक आहे तो त्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी समजावून सांगितला.

मग त्यांनी शाळेला पत्र दिलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणूनच तर "स्वतःहून एलसी घ्या" असं सांगितलं जातं, आणि घाबरलेले पालक घेतात पण. पत्रात हेही लिहिलं की जिन्यावरचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण जुनं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि नंतर मागून काही उपयोग नसतो. आईला सांगितलं मोबाईलवरचे मेसेज, व्हिडिओ काहीही डिलीट करू नका, तुमच्या विरोधात वाटलं तरी, आणि जखमी मुलाच्या घरी केस मागे घ्या म्हणून कोणाला पाठवू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं, आपल्याकडे लगेच पंचाला नाहीतर कोणा ओळखीच्या माणसाला पाठवतात आणि समोरच्यांना ती धमकी वाटते.

पोलिसांची भीती सगळ्यात मोठी होती. तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात आणि 2016 च्या नियमांत स्पष्ट आहे, मुलाला लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, बेडी घालत नाहीत, ताब्यात घेतलंच तर 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या वेगळ्या मंडळासमोर, न्यावं लागतं, आणि कुठल्याही जबाबावर मुलाची सही घेत नाहीत. हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, मोठ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण कायद्यात जघन्य म्हणजे किमान शिक्षाच 7 वर्षं असलेला गुन्हा, हा त्यात बसत नाही. गुन्हा जघन्य नसेल आणि मुलाबरोबर मोठं कोणी सामील नसेल तर एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवतात. इथेही तसंच झालं. बालकल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यात आल्या, आई बाजूला बसली होती, त्यांनी सुहासला आधी पाणी दिलं. आई मला नंतर ते पाण्याचंच सांगत होती, दोनदा.

मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यातली एक तरी बाई असते. मंडळासाठी मुलाची माहिती काढणारे प्रोबेशन ऑफिसर घरी जाऊन आले, माझ्याशीही बोलले, चिडवण्याचा प्रकार किती महिने चालला होता ते तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं. काही तारखा झाल्या, आईची रोजंदारी बुडली, हे सगळं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. शेवटी मंडळाने समज दिली आणि ग्रुप कौन्सेलिंग सांगितलं.

नोकरी, पासपोर्टचं काय हे वडिलांनी विचारलं. बाल न्याय कायद्याचंच कलम 24 सांगतं की अशा केसमुळे मुलावर पुढे कुठलीही अपात्रता येत नाही, आणि कलम 74 प्रमाणे केस निकाली निघाल्यावर पोलीस चारित्र्याच्या दाखल्यासाठी ते रेकॉर्ड उघड करू शकत नाहीत. मुलाचं नाव किंवा फोटो पेपरात, चॅनलवर छापणं दाखवणं हाही गुन्हा आहे. वर्गाच्या ग्रुपवर मात्र त्याचं नाव फिरलं होतं, ते मी शाळेला सांगून थांबवलं, पण उशीरच झाला होता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळं संपल्यावर सुहास एक कागद घेऊन आला, ह्यावेळी कोणी सांगितलं नव्हतं. वकील मॅडमना आधी दाखवून आणला होता. "मी तुला ढकललं. तू जिन्यावरून पडशील असं वाटलं नव्हतं. पण मी ढकललं. तुझा हात आता दुखतो का?" खाली सही करू का म्हणून विचारलं, मी म्हटलं कर. हेडमास्तरांमार्फत तो कागद त्या मुलाला दिला. त्याने घेतला, उत्तर दिलं नाही. अजून दोघं बोलत नाहीत, वर्ग एकच आहे.