गोळ्या कधी सुरू करायच्या ते सगळे सांगतात, कधी थांबवायच्या ते लिहून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या, आधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, २१ दिवस झाले, केंद्रातून काही निरोप नाही. तुम्ही फोन केलात तर ‘चालू ठेवा, आम्ही कळवू’ म्हणाले, आणि आज तिसावा दिवस. हेच वाक्य मीही ऐकलं होतं, शब्दही तेच.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझं वय, माझे रिपोर्ट, माझी औषधं वेगळी होती. हे वाचून मनाने गोळ्या बंद करू नका. बंद केल्या की दोन-चार दिवसांत रक्तस्राव सुरू होतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक हलतं.

मूल हवंय तर या गोळ्या कशाला, हे तुम्हाला समजावलं असेलच, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की गोळी एफएसएच आणि एलएच ही अंडी वाढवणारी हार्मोन्स दाबून ठेवते. त्यामुळे एखादंच फॉलिकल (अंड्याची पिशवी) बाकीच्यांच्या पुढे निघून जात नाही, अंडाशयात सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ होण्याची शक्यता कमी होते आणि पाळीची तारीख ठरवता येते. ही तारीख बऱ्याचदा केंद्राच्या सोयीची असते. त्यात मला काही गैर वाटत नाही, लॅबपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांच्या वेळा जुळवाव्या लागतात. पण आपल्या शरीराला थांबवून ठेवलंय, तर किती दिवस ते सांगण्याची जबाबदारीही त्यांचीच.

मला ते कोणी सांगितलं नाही. २१ गोळ्या संपल्यावर फोन केला, तर या वेळची, एकत्र सुरू होणाऱ्या पेशंटची बॅच पुढे गेलीय, दुसरं पाकीट सुरू करा म्हणाले. आठवड्याने पुन्हा फोन केला, तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते. तिसऱ्यांदा फोन उचलणाऱ्या मुलीला माझी फाईलच सापडेना. मी एकूण ४१ दिवस गोळ्या घेतल्या. तेव्हा मी ३६ वर्षांची होते आणि गोळ्या सुरू होण्याआधी माझं एएमएच, म्हणजे अंड्यांची शिल्लक दाखवणारी रक्ततपासणी, १.१ होतं, म्हणजे मुळातच फार शिल्लक नव्हती. अशा ओव्हरीला (अंडाशयाला) जास्त दिवस दाबून ठेवलं तर ती अंडी वाढवणाऱ्या इंजेक्शनांना लवकर दाद देत नाही, हे मला फार नंतर कळलं. नऊ दिवस इंजेक्शनं घेतली, डोस दोनदा वाढवला, आणि सोनोग्राफीत दोनच फॉलिकल दिसली. सायकल, म्हणजे उपचाराची ती फेरी, रद्द.

पण सगळ्यात मोठी चूक याच्याही पुढची आहे, आणि तिच्यासाठीच हे एवढं लांब लिहितेय. गोळ्यांचे शेवटचे दिवस चालू असताना त्यांनी माझं एएमएच पुन्हा तपासलं होतं. ते आलं ०.५. सायकल रद्द झाल्यावर तो कागद समोर ठेवून म्हणाले, तुमची अंडी संपत आली आहेत, आता दुसऱ्या स्त्रीच्या अंड्यांचा विचार करा. त्या मार्गाने आई होणाऱ्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी त्या निर्णयापर्यंत जाणार होते ते एका चुकीच्या वेळी काढलेल्या आकड्यामुळे. दोन महिने मी आणि नवरा एकमेकांशी नीट बोलूही शकलो नाही. मी स्वतःलाच दोष देत राहिले, लग्न उशिरा केलं, नोकरीच्या मागे लागले, काय काय मनात येत होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फाईल उघडून पहिला प्रश्न विचारला, “हे रक्त दिलंत तेव्हा गोळ्या चालू होत्या का?” मी हो म्हटलं. त्यांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. गोळ्या चालू असताना एएमएच खाली येतं, सोनोग्राफीत मोजलेली छोटी फॉलिकलही कमी दिसतात. गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांत आकडा सहसा सावरतो. तीन महिन्यांनी माझं पुन्हा १.० आलं. माझी शिल्लक कमी होतीच, पण ती संपत आली नव्हती.

त्या पुढच्या सायकलमध्ये आम्ही गोळ्या घेतल्याच नाहीत. नैसर्गिक पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली, सात अंडी मिळाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. गोळ्या टाळल्या म्हणूनच ती झाली असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. तुमचा प्रोटोकॉल (इंजेक्शनं देण्याची पद्धत) अँटॅगोनिस्ट असेल, म्हणजे अंडी वेळेआधी फुटू नयेत याचं औषध इंजेक्शनं सुरू झाल्यावर मध्येच देणार असतील, तर गोळ्या का दिल्यात हे सरळ विचारा. एश्रे या युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉलच्या आधी १२ ते २८ दिवस एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या देण्याची शिफारस केलेली नाही, कारण त्याने परिणामकारकता कमी होते. लाँग प्रोटोकॉलची, म्हणजे आधी वेगळ्या इंजेक्शनाने हार्मोन दाबून मग अंडी वाढवतात त्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. तिथे सुरुवातीच्या इंजेक्शनाने होऊ शकणारी सिस्ट टाळायला गोळ्यांचा उपयोग होतो. पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) पाळीच येत नसेल तर तिथेही त्या कामाच्या. म्हणून गोळी वाईट असं माझं म्हणणं नाही. तुम्हाला ती कशासाठी दिलीय आणि किती दिवसांसाठी, या दोन्हीचं उत्तर मिळालं पाहिजे.

तुमचं पाकीट २८ गोळ्यांचं आहे का तेही बघा. त्यातल्या शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्यांत बहुतेक ब्रँडमध्ये हार्मोन नसतं, काहींत फक्त लोह असतं. ‘शेवटची गोळी’ म्हणताना केंद्राला शेवटची हार्मोनची गोळी म्हणायची असते. इंजेक्शनं बऱ्याचदा तिच्यानंतर साधारण पाच दिवसांनी सुरू करतात, म्हणजे इथे मोजण्यात घोळ झाला तर सगळंच चुकतं. त्या सात रिकाम्या गोळ्या तुमच्या तीस दिवसांत धरल्या आहेत का, तेही त्यांना सांगा. आणि गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती चुकली असं समजून विचारा.

अजून एक, हे न सांगता राहवत नाही. डोळ्यांसमोर चमकून सुरू होणारी मायग्रेन, रक्तदाब, पूर्वी कधी रक्ताची गुठळी, किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान यातलं काही असेल तर आजच सांगा, त्यांनी विचारलं नसलं तरी. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो, तेही सांगा. पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर केंद्राच्या फोनची वाट बघू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात जा.

उद्या सकाळी फोन न करता स्वतः जा. डॉक्टरांना भेटल्याशिवाय उठू नका. शेवटची हार्मोनची गोळी कोणत्या तारखेला आणि पहिलं इंजेक्शन कोणत्या तारखेला, हे फाईलवर त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. तारीख पुढे ढकलायची असेल तर गोळ्या लांबवण्याऐवजी थांबवून पुढच्या पाळीला सुरुवात करता येईल का, हे विचारा. आणि एएमएच तपासणार असतील तर ‘गोळ्या चालू’ असं त्या रिपोर्टवर नोंदवायला लावा. काय म्हणाले ते इथे कळवा, मी बघत राहीन.