उंची वाढवणारे बूट आणि घराचा उंबरठा

‘उंची वाढवणारे बूट घेतले आहेत, पण ते घालून चारचौघांत वावरताना चोरी केल्यासारखे वाटते, कोणाच्या लक्षात आले तर काय करायचे?’ असा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येऊ लागला आहे. असे बूट आता मोबाइलवरून मागवता येतात, सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानदाराला तोंड उघडून विचारावे लागत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. विचारणाऱ्यांत लग्नाच्या वयाची मुले अधिक असतात, काही मुली असतात आणि एकदा तर निवृत्तीला आलेले एक अधिकारीही होते. ओळखू न येणारे बूट कोणते, एवढेच बहुतेकांना माझ्याकडून हवे असते, परंतु त्याचे उत्तर मी सुरुवातीला देत नाही. का देत नाही, हे एका तरुणाच्या उदाहरणावरून सांगते. त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा तरुण औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, वय एकोणतीस. सोलापूर शहरासह बार्शी आणि अक्कलकोट हा त्याचा फिरतीचा भाग. पहिल्या भेटीची वेळ ठरवताना त्याने फोनवर मला एकच प्रश्न विचारला होता, ‘मॅडम, तुमच्याकडे बूट बाहेर काढावे लागतात का?’ माझ्या खोलीत सतरंजी असल्यामुळे काढावे लागतात, असे मी सांगितले. त्यानंतर त्याने वेळ दोनदा पुढे ढकलली. तो आला तेव्हा दारातच काही क्षण घुटमळला आणि बूट काढून आत येताना त्याने पँट कमरेशी थोडी वर ओढून धरली. बुटांच्या मापाने शिवलेली पँट अनवाणी पायांवर लोळत होती.

त्याची उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ सेंटीमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तो सरासरीहून थोडाच कमी होता. पण शाळेत रांगेत सगळ्यात पुढे उभे राहावे लागलेल्या मुलाला सरासरीचे आकडे सांगून काही साधत नाही. तीन स्थळांकडून उंचीच्या कारणाने नकार आला, तेव्हा त्याने जवळजवळ सात सेंटीमीटर उंची वाढवणारे बूट ऑफिसच्या पत्त्यावर मागवले. त्यांचा तळवा बाहेरून नेहमीसारखा दिसतो. खरी उंची बुटाच्या आत, टाचेखाली दिलेल्या उतरत्या थरात असते. लग्नाच्या बायोडेटावर त्याने लगेच ‘पाच फूट सहा इंच’ असे लिहून टाकले.

पहिल्या दोन भेटींत तो केवळ बुटांविषयी बोलत राहिला. समोरचा माणूस खाली पाहतो आहे का, बसताना पँट वर सरकून बुटाची मान दिसते का, चालताना टाच उचलली जाते का, हेच. एका अभ्यासाची गोष्ट मी त्याला सांगितली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी टी-शर्टवर कोण आहे हे ओळखले असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच ते ओळखले होते. त्याने ऐकले, मान डोलावली आणि म्हणाला, ‘म्हणजे पाव लोकांना कळतंच की!’ औषधांच्या विक्रीत मुरलेल्या माणसाला आकड्यांनी गप्प करणे सोपे नसते, हे मला तेव्हा उमगले.

गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत, आणि तीही बुटांचा विषय बाजूला ठेवल्यावर. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच झाली होती. यात्रेला गेला होतात का, असे मी सहज विचारले. सोलापूरच्या माणसाला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेविषयी विचारले की तो खुलतो, आणि हाही खुलला. सात नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी घातलेले मानकरी, होम मैदानावरची गर्दी या सगळ्याबद्दल तो भरभरून बोलला. मग मी विचारले, ‘दर्शन कसं झालं?’

‘दर्शनाला मी नाही गेलो. मित्रांना म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी इथे चपला सांभाळतो.’

हे त्याने काहीशा चतुराईने सांगितले, कारण त्या दिवशीची अडचण त्याने सफाईने टाळली होती. मी लगेच काही बोलले नाही. थोड्या वेळाने विचारले, ‘हे बूट घेतल्यापासून तुम्ही कोणाकोणाच्या घरात गेला आहात?’

तो आठवू लागला. मावशीकडे बारशाला बोलावले होते, तो गाडी लावायच्या निमित्ताने बाहेरच थांबला. सहकाऱ्याने जुळे सोलापुरातल्या नव्या घरी जेवायला बोलावले, तेव्हा पोट बिघडल्याचे सांगितले. मित्राच्या लग्नात अक्षता टाकल्या, पण पंगतीला बसला नाही. जे डॉक्टर चेंबरबाहेर बूट काढायला लावतात, त्यांच्याकडच्या भेटी त्याने एकामागून एक गाळल्या होत्या आणि विक्री घटली म्हणून साहेबांची बोलणीही खाल्ली होती. यादी लांबत गेली तसा त्याचा आवाज उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, ‘मॅडम, मी कोणाच्याच घरात गेलो नाही. आणि मुलगी बघायला गेलो, तर तिथेही बूट दारातच काढायचे आहेत.’

ही गोष्ट त्याला आधी सुचली नव्हती, असे नाही. तो तिच्याकडे पाहायला तयार नव्हता. अनुभवी समुपदेशकाचे काम पुष्कळदा एवढेच असते, की समोरच्याने स्वतःहून उच्चारायचे वाक्य आपण त्याच्या आधी उच्चारायचे नाही. त्या दिवशी मला ते साधले, याचे समाधान मी लपवत नाही.

माझा स्वतःचा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली मागणी आपल्याला अधिक छळते, असे एलिस सांगत. ‘मला थोडे उंच दिसायला आवडेल’ असे म्हणणारा माणूस बूट घालतो, जमले तर आनंद मानतो आणि दारात ते काढून आत जातो. ‘मी उंच दिसलोच पाहिजे, नाही तर माझी किंमत शून्य’ असे मानणाऱ्याच्या पायात तेच बूट असले, तरी त्याला प्रत्येक उंबरठ्यावर परीक्षा द्यावी लागते. म्हणून बूट घालू नका, असे मी त्याला सांगितले नाही. केस रंगवणे, दाढी राखून हनुवटी झाकणे, अंतरपाट धरताना बुटक्या नवरीच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवणे, या सगळ्याला आपण साजच म्हणतो. बुटांनाही तोच न्याय लावावा.

परंतु साज आणि फसवणूक यांच्यातली रेषा मी त्याच्यापुढे स्पष्ट केली. रस्त्यावर, बैठकीत किंवा फोटोत आपण किती उंच दिसतो, याचा खुलासा कोणाला द्यावा लागत नाही. ज्या व्यक्तीशी आयुष्य जोडायचे आहे, तिला मात्र अनवाणी उंचीच कळली पाहिजे. बायोडेटा बदलायला तो तयार होईना. ‘मग स्थळंच येणार नाहीत,’ असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. स्थळे कमी येतील, हे मान्यच केले. मात्र जी येतील ती बैठकीच्या खोलीत त्याला पाहून दचकणार नाहीत, एवढे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

मग एक अभ्यास दिला. ज्या गोष्टीची लाज वाटते ती, कोणालाही त्रास होणार नाही अशा बेताने, मुद्दाम उघडपणे करून पाहायची. एलिस स्वतः असे अभ्यास देत असत. एका विश्वासू माणसाला बुटांविषयी आपणहून सांगायचे, एवढेच त्याला करायचे होते. त्याने नव्या घराचे जेवण चुकवलेला तोच सहकारी निवडला. पुढच्या भेटीत तो हसतच आला. सहकाऱ्याने सगळे ऐकून घेऊन विचारले होते, ‘केवढ्याला पडले? आणि टाच दुखत नाही का रे?’ ज्या कबुलीच्या कल्पनेने त्याला रात्री झोप लागत नव्हती, तिच्यावर समोरून किमतीची चौकशी झाली. काही दिवसांनी तो त्या सहकाऱ्याकडे जेवायलाही जाऊन आला.

आता सुरुवातीचा प्रश्न, कारण मन मोकळे झाले तरी पाय दुखायचे थांबत नाहीत. सात सेंटीमीटरने प्रारंभ करणे चुकीचेच आहे. टाच एवढी वर गेली की शरीराचा भार चवड्यांवर येतो, पोटरीचे स्नायू आखडतात आणि घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. दोन ते तीन सेंटीमीटरचा इनसोल, म्हणजे बुटाच्या आत ठेवायचा सुटा तळवा, नेहमीच्या बुटात बसतो आणि चालही फारशी बदलत नाही. त्याहून जाड इनसोल घातला की टाच बुटातून निसटते, म्हणून अधिक उंचीसाठी घोटा धरून ठेवणारे बूट लागतात. पहिले काही दिवस घरातच तासभर घालावेत, जिने चढून-उतरून पाहावेत आणि मग वेळ वाढवावा. जाड तळव्यामुळे मोटारसायकलच्या ब्रेकचा अंदाज चुकतो, तेव्हा गाडीवर साधे बूट असलेले बरे. रात्री भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात बंद बूट दिवसभर घालणे ही तशीही शिक्षाच असते, म्हणून सुती मोजे रोज बदलावेत. टाच किंवा गुडघा सतत दुखू लागला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि पँट बुटांच्या पूर्ण मापाने शिवू नये. अनवाणी उभे राहिल्यावर ती जमिनीला जेमतेम टेकेल एवढीच ठेवावी. लोकांचे लक्ष जाते ते बुटांपेक्षा लोळणाऱ्या पँटकडे.

हा तरुण आता कामावर अडीच सेंटीमीटरचा इनसोल वापरतो आणि बायोडेटावर पाच फूट तीन इंच लिहितो. गाळलेल्या डॉक्टरांकडे तो पुन्हा जाऊ लागला आहे. लग्न अजून ठरलेले नाही.

आईवडिलांनाही थोडे सांगितले पाहिजे. ‘आमचा गिड्डा’ असे कौतुकाने म्हणणे घरात चालून जाते, पण स्थळाचा नकार आल्यावर तेच मुलाला वेगळे ऐकू येते. वाढीचे वय संपले की हाडांच्या टोकांची वाढ थांबते. त्यानंतर उंची वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नयेत. मुलगा दिवसातून अनेकदा उंची मोजत असेल, बुटांशिवाय घराबाहेर पडायलाच तयार नसेल किंवा आरशासमोर तासन्‌तास घालवत असेल, तर ही साधी लाज नव्हे. अशा वेळी समुपदेशनाबरोबर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि तोवर नव्या बुटांची खरेदी थांबवावी.