मॉडेल रॉकेटच्या आत छोटा व्हिडिओ कॅमेरा कुठे आणि कसा बसवावा?

नोज कोनच्या (रॉकेटच्या टोकदार टोपणाच्या) लगेच खाली वेगळा पेलोड कप्पा (सामान ठेवायची जागा) करून त्यात कॅमेरा फोममध्ये घट्ट बसवा आणि लेन्ससमोर नळीला गोल भोक पाडा. जागा वरचीच का, तर वजन पुढे गेलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तो दाबकेंद्राच्या (हवेचा एकूण दाब ज्या बिंदूवर पडतो असं धरतात, त्याच्या) किमान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असेल तर रॉकेट सरळ जातं. तोच कॅमेरा शेपटीकडे लावला तर रॉकेट वाट चुकू शकतं. कप्प्याच्या तळाला प्लायवूडची चकती चिकटवून जागा पूर्ण बंद करा, कारण पॅराशूट बाहेर ढकलणारा गरम वायू त्याच नळीतून वर येतो आणि प्लास्टिकची लेन्स काही क्षणांत खराब करतो. मेमरी कार्डाच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. स्प्रिंगवाली खाच उड्डाणाच्या झटक्याने कार्ड बाहेर सोडू शकते आणि चित्रण तिथेच थांबतं. खालची जमीन दिसायला हवी असेल तर भोकाबाहेर ४५ अंशांत छोटा आरसा लावा (चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते संगणकावर पलटवून सरळ करता येतं).

फक्त वजन जपा. मोटरचा सरासरी रेटा एकूण वजनाच्या पाचपट तरी हवा. सी६-५ या मोटरवर (शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलेपर्यंतचे सेकंद) उड्डाणाच्या वेळचं सगळं वजन ११३ ग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. त्या मर्यादेच्या जवळ असाल तर सी६-३ घ्या, कारण जड रॉकेट शिखरावर लवकर पोहोचतं आणि पाच सेकंदांचा विलंब झाला तर पॅराशूट वेगाने खाली येताना उघडतं.