दुकान ऑनलाइन, प्रश्न तुमचे: टॅग लावायचे तरी किती?

प्रश्न: आमचं वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) दुकान आहे, साड्या, खणाचे कपडे, लहान मुलांचे पारंपरिक ड्रेस आणि संक्रांतीला हलव्याचे दागिने. मी प्रत्येक वस्तूला पंधरा-वीस टॅग टाकते. पैठणी, पैठनी, साडी, साड्या, सारी, काळी साडी, सेल, असं सगळं, म्हणजे कुणी कसंही टाइप केलं तरी सापडावं. पण साइटवर शोधलं की तरीही सापडत नाही, आणि आता टॅगची यादी उघडली की मलाच घेरी येते. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, आधी वाईट बातमी. वूकॉमर्सचा साधा सर्च टॅगमध्ये बघतच नाही. तो बघतो वस्तूचं नाव, वर्णन आणि छोटं वर्णन. म्हणजे पैठनी, सारी वगैरे जे सगळं तुम्ही टॅगमध्ये भरलंत त्याचा त्या शोधाच्या चौकटीला काही उपयोग नाही (वेगळं सर्च प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, घातलं असेल तर गोष्ट निराळी). लोक दोन-तीन प्रकारे लिहितात असा शब्द असेल तर तो वर्णनातच एखाद्या वाक्यात सहज येऊ द्या, तिथे तो सापडेल.

मग टॅग कशाला? लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो, "कशासाठी हवीये?" या "कशासाठी"चं उत्तर म्हणजे टॅग. बाकीच्या गोष्टींना दुसऱ्या जागा आहेत.

तुमच्याकडची एखादी काळी इरकल घ्या. "साड्या" आणि त्याखाली "इरकल" ही झाली कॅटेगरी, वस्तू कुठल्या कप्प्यात राहते ते. काळा रंग, कॉटन, गोमी काठ, सहावारी की नऊवारी, हे सगळं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे वस्तूचे गुण, कारण ते तिथे टाकलं तरच गिऱ्हाइकाला बाजूच्या फिल्टरमधून रंग नि काठ निवडता येतो, आणि तीच साडी चार रंगांत असेल तर व्हेरिएशन, म्हणजे एकाच वस्तूचे निवडायचे प्रकारपण करता येतात. आता उरलं काय? "संक्रांत". आणि हाच खरा टॅग, कारण संक्रांतीला फक्त काळी साडीच जात नाही, बोरन्हाणाचा काळा झबला जातो, खणाचं परकर-पोलकं जातं, हलव्याचे दागिने जातात, म्हणजे तीन-चार वेगळ्या कॅटेगरीतला माल एका पानावर आला पाहिजे, आणि हे काम कॅटेगरीने नीट होत नाही. तसंच डोहाळजेवण, मंगळागौर, रुखवत, भाऊबीज. एका वस्तूला दोन-तीन टॅग खूप झाले, कित्येकांना एकही नको.

"सेल" टॅग तर काढूनच टाका. सेल प्राइस भरली की वूकॉमर्सला कळतंच की वस्तू सेलमध्ये आहे, पण तुमचा टॅग सेल संपल्यावरही तिथेच लटकत राहणार. "दिवाळी 2023" असले वर्षाचे टॅगही तसेच, नुसतं "दिवाळी" ठेवा, दरवर्षी तेच पान कामाला येतं.

आता साफसफाई. वूकॉमर्समध्ये दोन टॅग एकत्र करायचं बटण नाहीये, पण जुगाड आहे. समजा "साड्या-संक्रांत", "मकर संक्रांत" आणि "संक्रांत" असे तीन झालेत. प्रॉडक्टच्या यादीत चुकीच्या टॅगवर क्लिक केलं की तो लागलेला सगळा माल समोर येतो, सगळ्यांना टिक करायचं, बल्क एडिटमध्ये (अनेक वस्तू एकदम बदलायची सोय) जाऊन "संक्रांत" टाकायचं आणि अपडेट. बल्क एडिट टॅग वाढवतं, जुना काढत नाही, त्यामुळे मग टॅगच्या पानावर जाऊन चुकीचा टॅग डिलीट करायचा. घाबरू नका, टॅग गेला तरी वस्तू जात नाही. आणि हो, टॅग लिहिताना मध्ये स्वल्पविराम टाकू नका, "हळदीकुंकू, वाण" लिहिलंत की त्याचे दोन टॅग होतात, बऱ्याच जणांच्या यादीत अर्धा कचरा इथूनच येतो.

प्रश्न: टॅग मराठीत लिहिले तर चालतात का? आणि जास्त टॅग म्हणजे गूगलवर वर, हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मराठीत बिनधास्त लिहा, गिऱ्हाइकाला तेच वाचायचंय. फक्त स्लग, म्हणजे लिंकमध्ये येणारं टॅगचं नाव, रोमन अक्षरांत स्वतः भरा. नाही भरलात तर देवनागरी स्लग होतो आणि ती लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की एकेका अक्षराच्या जागी टक्क्याची चिन्हं नि आकडे मिळून नऊ-नऊ खुणा येतात, दोन ओळींची लिंक बघून समोरच्याला फ्रॉडच वाटतो. हे सुरुवातीलाच करा, कारण स्लग नंतर बदललात तर आधी ग्रुपवर टाकलेल्या लिंका बंद पडतात, मग रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर पाठवायची सोय) लावत बसावं लागतं.

गूगलचं म्हणाल तर नाही. पूर्वी पानाच्या कोडमध्ये कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) भरायची पद्धत होती, रँकिंगसाठी तेसुद्धा आम्ही वापरत नाही असं गूगलने 2009 मध्येच सांगितलंय. उलट वूकॉमर्समध्ये प्रत्येक टॅगचं एक वेगळं पान तयार होतं. ज्या टॅगवर एकच साडी आहे त्या पानात नवीन काहीच नसतं, अशी पानं योस्ट किंवा रँक मॅथ या एसईओ प्लगिनमधून नोइंडेक्स करून टाका, म्हणजे गूगल ती आपल्या यादीत घेणार नाही. "संक्रांत"सारख्या भरलेल्या पानावर मात्र वर दोन-चार ओळी लिहा, काय काय मिळतं, किती दिवसांत पोचतं, त्याला किंमत आहे.

प्रश्न: आम्ही वूकॉमर्सवरून शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची दुसरी सेवा) जातोय. तिथेही टॅग असेच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: थोडं वेगळं आहे. शॉपिफायमध्ये कॅटेगरीत कॅटेगरी अशी कलेक्शनची (वस्तूंच्या गटांची) उतरंड नसते, त्यामुळे टॅगवर जास्त भार पडतो. ऑटोमॅटिक कलेक्शन करायचं, अट द्यायची की टॅग "संक्रांत" असेल तर घे, मग नवीन वस्तूला तो टॅग लावला की ती आपोआप तिथे जाऊन बसते. एका वस्तूला 250 टॅगची मर्यादा आहे, तिच्या जवळपासही जायची गरज नाही. जायच्या आधी वूकॉमर्सवरच यादी साफ करून घ्या, नाहीतर सगळा कचरा ट्रकमध्ये भरून नव्या घरी. आणि कलेक्शनला एकापेक्षा जास्त अटी देत असाल तर "सगळ्या अटी" निवडलंय की "कुठलीही एक" हे नीट बघा, कारण टॅग "संक्रांत" आणि टॅग "काळा" अशा दोन्ही अटी घातल्यात तर साड्या येतील, झबले येतील आणि हलव्याचे दागिने गायब, ते पांढरे असतात ना.