नदीकाठच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या) टेकाडातून जुनी खापरं निघतात, दर पुरात दरड ढासळते. दगडी भिंत बांधली तर टेकाड वाचेल का?

भिंतीचं नंतर बघू. आधी ट्रॉल्या थांबवा. पूर वर्षाला हातभर दरड नेत असेल, पण शेतात टाकायला पांढरी उचलणारा जेसीबी एका दुपारी निम्मं टेकाड नेतो.

दरडीत मडक्याचा गोल काठ दिसला तर ओढू नका. घोड नदीकाठच्या इनामगावात (उत्खनन 1968 ते 1983) घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. एक ओढला की दुसऱ्यातल्या हाडांचा भुगा. ‘वस्तू मिळाली ना, मग थर कशाला?’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार कांस्यशिल्पं निघाली. कुठल्या थरातली, याची नोंद नाही, म्हणून त्यांच्या काळाचा वाद अजून मिटलेला नाही.

पाहणी होळीनंतर करा, गवत वाळलेलं असतं. दोरीने 10 बाय 10 मीटरचे चौकोन पाडा. मोबाइलचं जीपीएस पाच-सात मीटर सहज चुकतं, म्हणून विहिरीच्या किंवा देवळाच्या कोपऱ्यापासून टेपने मापं घ्या. प्रत्येक चौकोनात 1 बाय 1 मीटरमधली सगळी खापरं मोजा आणि तिथंच ठेवा. नक्षीची तेवढी मोजलीत तर वस्ती कुठवर होती ते कळणारच नाही. त्याच खुणेपासून काठापर्यंतचं अंतर पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा.

आता भिंत. काँक्रीटची नकोच. पूर झपाट्याने ओसरतो, दरडीत मुरलेलं पाणी मागे राहतं आणि वाट नसली की भिंतच ढकलतं. जाळीत भरलेले दगड, म्हणजे गॅबियन, चालतील. त्यांच्यामागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड हवंच, नाहीतर बारीक माती फटींतून निघून आत पोकळी होते. ठेकेदार म्हणेल, ‘उतारासाठी दरड थोडी तासून घेतो.’ तासू देऊ नका, उताराची माती बाहेरून आणून भरायला लावा. जवळ वाळूउपसा चालू असेल तर मात्र पात्र खोल जाऊन पायथाच उघडा पडेल, मग गॅबियनही टिकणार नाही.

आणि हो, खणायला परवाना लागतो. टेकाड केंद्र-संरक्षित असेल तर 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. नसलं तरी आराखडा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि पाटबंधारेवाल्यांना दाखवल्याशिवाय एक दगडही टाकू नका.