कान तुटलेला कप

चिऊ,

काल फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी वाचली. "आजी मला फोनवर 'हट्टी' म्हणाली आणि बाबा, तू हसलास. क्लॉडेट कोल्विनपण हट्टी होती, तर शाळेत तिच्यावर निबंध लिहायला सांगतात. मग मराठीत हट्टी म्हणजे चांगलं की वाईट???" तोंडी विचारलंस की मी विषय बदलतो, म्हणून लिहूनच देतो.

आपल्याकडे बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट हे तीन पुरवावेच लागतात असं म्हणतात. (साध्या पुरुषाचा हट्ट यात नाही, कारण त्याला 'मत' म्हणतात, हे तुझ्या आईचं म्हणणं.) आणि एक गंमत बघ. हट्ट तडीस गेला की आपण त्यालाच जिद्द म्हणतो. पोरगी जिंकेपर्यंत हट्टी, जिंकली की जिद्दी. शब्द बदलतो तो बघणाऱ्यांचा, पोरगी तीच असते.

क्लॉडेटचं तेच झालं. २ मार्च १९५५, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी. तिथे बसमध्ये काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या असत. १५ वर्षांची पोर शाळेतून बसने घरी निघालेली. गोऱ्यांच्या जागा भरल्या तसं ड्रायव्हरने त्या रांगेतल्या काळ्या मुलींना उठायला सांगितलं. तिच्याबरोबरच्या तिघी उठल्या, ही बसून राहिली. म्हणजे जागा रिकाम्या झाल्या होत्या की! पण काळ्या मुलीच्या रांगेत गोऱ्या बाईने बसायचं नाही, म्हणून ती बाई उभीच. भांडण जागेचं नव्हतंच. पोलिसांनी क्लॉडेटला ओढून उतरवलं, बेड्या घातल्या. पुढे ती सांगायची, एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात होता, दुसऱ्यावर सोजर्नर ट्रुथचा, मी उठणार कशी? (दोघी गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काळ्या बायका.)

मला मात्र तिची बुटांची गोष्ट जास्त लागली. दुकानात काळ्या मुलांना बूट पायात घालून बघू देत नसत. तपकिरी कागदी पिशवीवर पाऊल ठेवायचं, भोवतीने रेघ ओढायची आणि तो कागद दुकानात न्यायचा. लहानपणापासून असे कागद नेलेली मुलगी बसमध्ये एका दिवसात हट्टी झाली नसणार.

आणि शाबासकी? तिच्याच माणसांतल्या पुढाऱ्यांना ती पुढे करायला नको वाटली. वय लहान, वस्ती गरीब, तोंड फटकळ, त्यात काही महिन्यांनी गरोदर राहिली. त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याच शहरात रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत आणि काळ्या लोकांचा बसवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार उभा राहिला. पण ज्या खटल्याने बसमधला भेदभाव बेकायदा ठरला, त्यातल्या चार फिर्यादी बायकांत क्लॉडेट होती आणि रोझा पार्क्स नव्हत्या. निबंधात हे घाल.

हे अमेरिकेतलं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर जोतीराव फुल्यांकडे बघ. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना दोन्हीकडचं दुखणं एकच दिसलं. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. मग गावातल्या लोकांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी शेण-गोमुत्राने शुद्ध झालं म्हणे.

आता माझं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

गावच्या घरी मोरीजवळच्या कोनाड्यात एक कप पालथा असायचा. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंचा. आई वरून चहा ओतायची, त्या पायरीवर बसून प्यायच्या, स्वतः विसळून पुन्हा पालथा घालायच्या. मी १२ वर्षांचा, आत्ता तू आहेस तेवढाच. कप तिथेच का, असा प्रश्नही मला पडला नव्हता.

एका दिवाळीला धाकटी आत्या आली. पहिल्याच सकाळी तिने त्या कपात स्वतःसाठी चहा गाळून घेतला आणि ओट्याला टेकून, फुंकर घालत सावकाश प्यायली. मग धुऊन सगळ्यांच्या कपांबरोबर मांडणीवर ठेवला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तुझी आजी म्हणाली, "वन्सं, किती तो हट्ट!" आत्या म्हणाली, "कान तुटलाय, पण चहा तसाच लागतो की, वहिनी."

भाऊबीज झाली, आत्या गेली. त्या संध्याकाळी आईने मला तो कप जागेवर ठेवायला सांगितला. जागेवर म्हणजे कुठे, ते मला विचारावं लागलं नाही. मी ठेवला. पालथा.

परवा आजीच्या तोंडून तोच शब्द ऐकला आणि हसण्यावारी नेला, तो यामुळे.

रविवारी आत्याआजीला फोन लावू. कपाचं तिलाच विचार, ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते. निबंध त्याआधी संपव. आणि रात्री साडेअकरापर्यंत टॅब हवा, हा हट्ट हट्टच आहे. तो पुरवला जाणार नाही.

बाबा